खळ्यातली मेढ आणि अथेन्सचा देव

आमच्या सोसायटीतले शेजारी गेल्या वर्षी ग्रीसला जाऊन आले. अथेन्सच्या टेकडीवरचे फोटो त्यांनी आम्हाला दोन संध्याकाळी दाखवले आणि वर मलाच विचारलं, "तुम्ही आयुष्यभर ग्रीक तत्त्वज्ञान शिकवलंत, आणि एकदाही गेला नाहीत?" मी म्हटलं, "गेलोय की. लहानपणी दरवर्षी जायचो. खटाव तालुक्यातून वाट आहे." निवृत्त प्राध्यापकाचं डोकं फिरलं असं समजून त्यांनी मला आणखी एक चिक्की खायला दिली.

पण मी खोटं बोललो नव्हतो. माझे वडील साताऱ्याला मिशनच्या शाळेत मास्तर होते आणि सुट्टीच्या दिवशी कीर्तनकार. शनिवारी शाळा सुटली की एसटीच्या टपावर सायकल टाकायची, वडूजला उतरायचं आणि तिथून वाड्या-वस्त्या करत औंध, पुसेसावळीवरून कडेगावपर्यंत जायचं. कॅरियरवर मी, मांडीवर चिपळ्यांची पिशवी. ख्रिस्ती कीर्तन म्हटलं की शहरातली माणसं भुवया उंचावतात, पण आमच्याकडे ते आजोबांच्या आधीपासून चालत आलेलं आहे. तोच फेटा, तेच उपरणं, तेच टाळ-मृदंग. आधी पूर्वरंग, म्हणजे तत्त्वाचं निरूपण, आणि मग उत्तररंग, म्हणजे आख्यान.

बाबांच्या उत्तररंगात येशू आपल्या मेलेल्या मित्राच्या कबरेपाशी येऊन रडायचा आणि समोरच्या बायका पदर डोळ्यांना लावायच्या. पूर्वरंगात मात्र ग्रीक असत. येशूनंतरच्या पहिल्या दोन-तीनशे वर्षांत उपदेशक ज्या शहरांत गेले, तिथली शिकलेली मंडळी ग्रीक तत्त्वज्ञान कोळून प्यायलेली होती. मेंढरं राखणारा, रागावणारा, मग राग गिळून पुन्हा जवळ घेणारा देव त्यांच्या पचनी पडेना. म्हणून उपदेशकांनी त्यांच्याच भाषेतला देव हाती धरला. एकच, अदृश्य, अनादि, सुखदुःखाचा स्पर्श नसलेला, स्वतः न हलता सगळं हलवणारा. जग ज्या बुद्धीनं चालतं तिला ग्रीक 'शब्द' म्हणत. उपदेशक म्हणाले, तोच शब्द माणूस होऊन आला. एक प्रेषित तर अथेन्समध्ये बिननावाच्या देवाची वेदी पाहून तिथूनच बोलायला लागला. बाबा ती वेदी समजावून सांगताना बांधावरच्या शेंदूर लावलेल्या दगडाकडे बोट करायचे, ज्याचं नाव गावात कुणालाच ठाऊक नसतं. एकदा एका म्हाताऱ्यानं विचारलं, "मास्तर, हे अथेन्स मिरजेच्या अलीकडं का पलीकडं?" बाबा म्हणाले, "पलीकडं." म्हातारा म्हणाला, "मंग लांब हाय."

आणि न हलणाऱ्या देवासाठी बाबांनी मेढ शोधली होती. खळ्याच्या मधोमध खांब रोवलेला असायचा, ती मेढ. तिला दोरानं बांधलेली बैलांची पात कणसं तुडवत गोल फिरायची. "मेढ हलते का? नाही. पण तिच्यावाचून पात फिरते का?" असं बाबांनी विचारलं की अख्खं खळं "न्हाई, न्हाई" म्हणायचं. ग्रीसमधली सगळ्यात अवघड कल्पना माणसांना दोन मिनिटांत कळायची. पुढे मी तीच कल्पना तीस वर्षं शिकवली आणि तिला प्रत्येक वेळी पाऊण तास लागला.

बेचाळीस वर्षांपूर्वी मी एम.ए.ला होतो. डोक्यात नुकतीच पुस्तकं शिरलेली, त्यामुळे डोकं जरा जास्तच वर. कडेगावजवळच्या एका वाडीत हंगामाच्या सणाचं, म्हणजे नवं पीक देवापुढे ठेवायच्या दिवसाचं, कीर्तन संपल्यावर बाबांनी नेहमीप्रमाणे विचारलं, "कुणाला शंका?" मी भर मंडळीत उभा राहिलो. म्हटलं, "बाबा, मेढीला बैलाचा घाम कळतो का? तुमचा पूर्वरंगातला देव ग्रीकांचा आहे, त्याला काही लागत नाही. उत्तररंगातला देव कबरेपाशी रडतो. मग खरा कुठला?" बाबा चिपळ्या हातात धरून उभे राहिले. त्यांना उत्तर आलं नाही. त्यांनी डोळे मिटून शेवटची प्रार्थना केली, आणि मी त्या दिवशी जिंकलो.

त्यानंतर बाबा अकरा वर्षं होते. आई आधीच गेली होती. मी पुण्याहून नाताळाला यायचो तेव्हा चिपळ्या ट्रंकेत असायच्या. माझ्यासमोर त्यांनी पुन्हा कधी कीर्तन केलं नाही आणि मी कधी विचारलं नाही. मी समजत आलो की बाबांचं कीर्तन मी मोडलं. पुढे मी त्याच विषयावर प्रबंध लिहिला, त्यावर शाबासकी घेतली, आणि ती घेताना दर वेळी मला त्यांचे ते मिटलेले डोळे दिसत राहिले.

गेल्या डिसेंबरात कडेगावकडच्या एका चर्चच्या तरुण पाळकांचा फोन आला. माझा एक लेख त्यांच्या वाचनात आला होता. हंगामाच्या सणाला येऊन 'ग्रीक विचार आणि पहिल्या उपदेशकांचा देव' यावर बोलाल का, असं विचारत होते. त्यांनी वाडीचं नाव सांगितलं. ती तीच वाडी होती. हो म्हणालो आणि ठरवलं की दोन दिवस आधी निघून बाबांच्या वाटेनं जायचं. त्या दिवसानंतर बाबांचं काय झालं, हे सांगू शकणारं कुणी अजून असलं तर त्यांना विचारायचं.

वडूज, शुक्रवार

वडूजच्या स्टँडवर उतरलो आणि वडापची जीप गाठली. जितकी माणसं मावतील त्याहून चार जास्त बसली की ती सुटते. माझ्या मांडीवर एक पिशवी आली आणि तिच्यातून कोंबडीनं डोकं बाहेर काढून माझ्याकडे पाहिलं. पूर्वेकडची ही जमीन अजून तशीच आहे, उघडी आणि रुंद. जानेवारीचा शेवट, त्यामुळे शाळू कणसांवर आलेला. ऊन असूनही वाऱ्याला गारवा होता.

बाबा ज्यांच्या खळ्यावर दरवर्षी कीर्तन करायचे ते सुबराव अजून आहेत असं कळलं होतं. धनगर घर. त्यांचे आजे-पणजे मेंढरं घेऊन कोकणाकडे उतरायचे. आता मेंढरं थोडी आणि शाळू, कांदा जास्त. सुबराव लिंबाखाली बाजेवर बसले होते. वय पंच्याऐंशीच्या घरात, पण पाठ ताठ. मी वाकून नमस्कार केला.

"कुणाचा रं तू?"

मी त्रेसष्ट वर्षांचा, डोक्यावर केस नाहीत. कुणी मला 'रं' म्हणून किती वर्षं झाली होती!  म्हटलं, "साताऱ्याच्या मास्तरांचा."

"आरं तिच्या! सायकलवाल्या मास्तराचा? मागं बसून झोपायचा त्यो?"

"तोच."

मग पाहुणचार सुरू झाला. सूनबाईंनी हुलग्याचं माडगं आणलं, गरम, वर लसणाची फोडणी. शेतातून कोवळी कणसं तोडून आणली, आगटीत भाजली आणि हातावर चोळून हुरडा समोर ठेवला. सोबतीला चटणी. पुण्याच्या आसपास हुरडा पार्टी असते, तिथे आधी उंटावर बसवतात आणि मग हुरड्याबरोबर जिलबी देतात. इथे उंट नव्हता. चटणीचं बोट तोंडात घातलं आणि मला जी उचकी लागली ती अर्धा तास थांबेना. सूनबाई तोंडाला पदर लावून हसत होत्या आणि पाण्यावर पाणी देत होत्या.

मी खळं बघायला मागितलं. सुबराव हसले. "खळं कुठलं आता? तिथं शेततळं खणलंय. मळणी मशीनवर हुती, अर्ध्या दिसात खेळ खलास."

"आणि मेढ?"

"बाभळीची हुती. चुलीत घातली की. लय दिस जळली."

मला वाईट वाटलं, आणि त्यांना त्यात वाईट वाटण्यासारखं काही दिसेना. जळण संपलं होतं, मेढ उगाच पडून होती. शेणानं सारवलेलं ते गुळगुळीत खळं, त्यावर पाय आखडून बसलेली माणसं, मृदंगाची शाई वाळायला उन्हात धरणारे बाबा, हे सगळं त्या निळ्या प्लॅस्टिकच्या तळ्याखाली कुठेतरी होतं. मी तळ्याच्या काठापर्यंत जाऊन आलो.

परत आल्यावर धीर करून विचारलं, "मी एम.ए.ला होतो, त्याच्यानंतर बाबा इथं कीर्तन करायला येत होते का?"

"म्हंजे? जाईस्तवर येत हुतं. पर शेवटाला जरा येगळं करायचं. आदी मेढ सांगायची. आन मग थांबायचं, आन आमालाच प्रश्न घालायचं."

"कुठला प्रश्न?"

"मेढीला बैलाचा घाम कळतो का, म्हनून."

माझी उचकी थांबली होती ती पुन्हा लागेल असं वाटलं. बाबांनी कीर्तन सोडलं नव्हतं. माझ्यासमोर तेवढं करत नव्हते. बेचाळीस वर्षं मी भलताच अपराध वागवत होतो. पण मग खरा कुठला, ते अजून कळत नव्हतं.

"मग तुम्ही काय सांगायचात?"

सुबराव म्हणाले, "मी एकडाव सांगितलं. म्हटलं, मास्तर, मेढीला घाम कळतो का न्हाई ते मेढीलाच ठावं. पर धा-पंदरा साल पात फिरली की मेढीवर दोराचा वळ पडतो. बोट जाईल एवढा खोल. बैलाच्या मानंवर पडतो तसाच. तुजा बाप जाग्यावरनं उठला आन मला मिठी मारली. समद्यांम्होरं. मी लाजलो गड्या."

"हा प्रश्न कुणाचा, ते काही बोलले का?"

"ते काय याद न्हाई बाबा."

औंध, शनिवार

औंधला मी मुद्दाम थांबलो. यमाईच्या डोंगराच्या पायथ्याशी बाबा नेहमी सायकल लावायचे आणि चहा प्यायचे. वर कधी गेले नाहीत, पण टोपी काढून हातात घ्यायचे. मी विचारलं तर म्हणाले, "शेजारच्या घरातली थोरली बाई दारात बसलीय, टोपी काढली तर काय बिघडतं?" लोक सांगतात की रामानं "ये माई" म्हणून हाक मारली आणि देवी आली, म्हणून ती यमाई. बाबांना ती गोष्ट फार आवडायची. हाक मारली की येणारा देव अथेन्सवाल्यांना मुळीच चालला नसता, असं ते म्हणायचे आणि हसायचे.

या वेळी मी वर गेलो. निम्म्या वाटेवर चपलेचा अंगठा तुटला. पुढे अनवाणी. ऊन चांगलं तापलेलं, पायऱ्या पोळत होत्या, आणि मी सावलीच्या तुकड्यावरून सावलीच्या तुकड्यावर उड्या मारत होतो. एका हार विकणाऱ्या बाईनं हाक मारली, "आवं भाऊ, इकडं या, नाचताय कशाला?" तिनं आपल्या मंगळसूत्राला अडकवलेली सेफ्टी पिन काढली आणि चपलेचा अंगठा असा टोचून बसवला की तो पुण्यापर्यंत टिकला. हार घ्या म्हणाली नाही. मीच घेतला, आणि वर जाऊन दिला. बाबांना हे सांगितलं असतं तर त्यांनी आधी पिनेची चौकशी केली असती.

वरून खाली पाहिलं तर रस्ता उजव्या हाताला उन्हात लांबवर जात होता. कॅरियरवर बसून याच रस्त्यानं जाताना मी बाबांना विचारायचो, "देवाला कंटाळा येत नाही का, एका जागी बसून?" ते पायडल मारत, धापा टाकत उत्तर द्यायचे. माझ्या एकाही प्रश्नाला त्यांनी कधी गप्प बस म्हटलं नव्हतं. मग त्या एकाच प्रश्नावर ते का गप्प बसले, हे मला त्या डोंगरावरही कळलं नाही. मला बाबांची इतकी आठवण आली की मी तिथेच एका पायरीवर बसून रडलो. दर्शनाला आलेल्यांना वाटलं, नवस फळला असेल.

कडेगाव, त्याच दिवशी दिवस मावळायच्या आत

'दिवस मावळायच्या आत' हे मुद्दाम लिहिलं आहे. कारण मी उतरलो होतो भूपालअण्णांकडे. अण्णा जैन, घराणं मिरजेकडचं, कडेगावात बी-बियाण्याचं जुनं दुकान. त्यांच्या घरी सूर्य मावळला की चूल बंद. पुण्यात आम्ही साडेनऊला ताटं घेतो. इथे पावणेसहाला अक्का, म्हणजे अण्णांच्या पत्नी, दारात उभ्या राहून पश्चिमेकडे बघत होत्या आणि मला घाई करत होत्या. "जेवा, जेवा, बोलायला सगळी रात हाय." शाळूची भाकरी, दोडक्याची भाजी, शेंगदाण्याची चटणी, काकवी. काकवी त्या दिवशीची, गुऱ्हाळातून आलेली. बाहेर रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्यांची रांग आणि ट्रॅक्टरवरच्या गाण्यांचा धुमाकूळ. या तालुक्यात पाणी आल्यापासून सगळा हिरवा ऊस. बाबांच्या वेळची कुसळं मला कुठे दिसली नाहीत.

भूपालअण्णा बाबांचे मित्र. दोघे दुकानात पोत्यांवर बसून देवाबद्दल भांडायचे. गिऱ्हाईक आलं की अण्णा बी द्यायचे आणि पुन्हा वाद तिथूनच सुरू. अण्णांचं म्हणणं एकच असे. "मास्तर, तुमचा पूर्वरंगातला देव आमच्या मंदिरात आणून बसवा, कुणाला फरक कळणार नाही. त्याला राग नाही, लोभ नाही, कुणाचं सुख नाही, दुःख नाही. तो वीतराग. ग्रीकांना हे कळलं होतं, तुम्हीच नंतर बिघडवलंत."

मी ते वाक्य आठवून दाखवलं तेव्हा अण्णा खूश झाले. मग मी विचारलं, "त्या दिवसानंतर बाबा तुमच्याकडे आले होते का?"

"दुसऱ्या दिवशी सकाळी आले. पोत्यावर बसले. चहा घेतला नाही. म्हणाले, भूपाल, पोरानं विचारलंय ते खरं हाय. मी दोन देव एका उपरण्याखाली झाकून फिरत होतो. मी म्हटलं, सोपं हाय, रडणारा सोडा. ज्याला दुसऱ्याचा घाम कळला तो त्याला बांधला गेला, आन बांधला गेला तो कसला मुक्त? मास्तर म्हणाले, तुझं बरोबर हाय. पण ज्याला कळतच नाही त्याला हाक कशाला मारायची?"

"मग?"

"मग काय, आम्ही दुपारपर्यंत भांडलो. दोन गिऱ्हाइकं तशीच परत गेली." अण्णा हसले, आणि मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तुला इचारायचंय ते इचार की. लांबनं का फिरतोस?"

मी म्हटलं, "ते माझ्यावर रागावले होते का?"

"ते मला सांगितलं न्हाई. मित्राला बापाचं दुःख सांगत न्हाईत लोक, तत्त्वज्ञान सांगतात. उद्या त्या वाडीतच जातोयस न्हवं? तिथली माणसं हायत अजून."

वाडी, रविवार

वाडीतलं देऊळ, आम्ही चर्चला देऊळच म्हणतो, पत्र्याचं आहे. समोर फरशीवर शाळूची कणसं, उसाची मोळी, गुळाची ढेप, एक भलामोठा भोपळा आणि पाय बांधलेली एक कोंबडी ठेवलेली. वर्षाच्या पहिल्या पिकातलं हे देवापुढचं. पाळक तरुण, नगरकडचे, गेल्या जूनमध्येच इथे आलेले. त्यांना बाबा माहीत असण्याचं कारण नव्हतं, आणि मीही सांगितलं नव्हतं. कोणत्या तोंडानं सांगणार? त्यांनी माझी ओळख "पुण्याचे मोठे प्राध्यापक, डॉक्टर" अशी करून दिली. सतरंजीवर एका बाजूला बाया, एका बाजूला पुरुष, पन्नास-साठ माणसं. सगळ्यांनी मला ख्रिस्ती रीतीप्रमाणे "सलाम" केला आणि ऐकायला बसली.

मी चौदा पानं लिहून नेली होती. पहिली चार छान गेली. अथेन्स, वेदी, बांधावरचा दगड. म्हाताऱ्या माणसांच्या माना हलायला लागल्या, एकमेकांकडे बघून ती हसत होती. मला वाटलं, विषय पोचतोय. मग मी मेढीवर आलो. ग्रीक देव म्हणजे मेढ, ती हलत नाही, सगळी पात तिच्याभोवती फिरते, असं सांगून मी पान उलटलं.

तोच बायांच्या बाजूनं एक म्हातारी उठली. राहेलबाई असं नाव मागाहून कळलं. लहानखुरी, हातात काठी.

"आवं सायेब, थांबा. कुठं निघालाव फुडं?"

पाळक गडबडले. "राहेलबाई, प्रवचन चाललंय."

"चाललंय ते दिसतंय की मला. पर मेढ आली म्हंजे प्रश्न घालायचा असतोय. त्यो घातल्याबिगर फुडं जायाचं न्हाई."

सगळी मंडळी "व्हय, व्हय" म्हणाली. मी विचारलं, "कुठला प्रश्न?" पण मला तो माहीत होता.

"मेढीला बैलाचा घाम कळतो का, त्यो. दर हंगामाला घालत्यात. जो कुणी बोलाय हुबा ऱ्हाईल त्यानं घालायचा. आन मग आमच्यातल्या एकानं हुबं ऱ्हाऊन उत्तर द्यायचं. पुस्तकातलं न्हाई. त्या सालात आपल्यावर जे गुदारलं त्येच्यातनं."

"ही रीत कुणी घालून दिली?"

"साताऱ्याच्या मास्तरांनी." ती काठी टेकून नीट उभी राहिली. सांगायची सवय होती तिला. पाळक बदलले की दर वेळी नव्याला सांगावं लागत असणार. "मास्तर म्हनायचं, हा प्रश्न माजा न्हाई, माज्या पोराचा हाय. त्यानं हितंच, ह्याच मंडळीत हुबं ऱ्हाऊन इचारला. लय मोटा प्रश्न हाय, माज्यासारख्या एकट्या मानसाला झेपायचा न्हाई. म्हनून तुमी समद्यांनी मिळून त्येचं उत्तर काढा. दर साली एक. माजं पोरगं यील कवातरी ऐकायला."

देवळात कुणीतरी कोंबडीला गप्प केलं. 

"आला का तो?" मी विचारलं. 

"न्हाई आला. लय शिकला म्हनत्यात. मास्तर गेलं, तरी आमी उत्तरं काढतोय. एकेचाळीस झाली. गेल्या सालचं माजं हाय. माजी सून बाळंतपनात गेली. तिचं पोर राती रडायचं, मी त्येला पोटाशी धरून बसायची. मला झोप न्हाई, पर त्येच्या रडन्याची चीड न्हाई आली मला एकदाबी. मी म्हटलं, माज्यासारख्या अडाणी म्हातारीला जर येवडं कळतं, तर मेढीला कळत नसंल व्हय?"

  मी म्हटलं, "राहेलबाई, तो पोरगा मी आहे."

 राहेलबाई काठी टेकत फरशीवरच्या भोपळ्याला वळसा घालून माझ्यासमोर आल्या आणि त्यांनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"आरं," त्या म्हणाल्या, "म्हातारा झालास की रं."

"हो."

"मास्तर रस्त्याकडं तोंड करून बसायचं. दर हंगामाला. येस्टी आली की बगायचं."

 त्यांनी माझ्या हातातले कागद घेतले, नीट घडी घातली आणि पाळकांच्या हातात दिले.

"मग हुबा का आता? बस खाली. लय उत्तरं साचल्यात तुजी."

मी खाली उतरून सतरंजीवर बसलो. पहिल्या वर्षी उत्तर देणारे गृहस्थ आता नाहीत. त्यांची लेक उठली, पदर खांद्यावर ओढला आणि म्हणाली, "आमचं आबा असं म्हनलं हुतं..." तिच्यानंतर दुसऱ्या वर्षाचं उठलं. अडीच वाजेपर्यंत कुणी जेवायला हललं नाही, आणि तोवर आम्ही जेमतेम अकराव्या वर्षापर्यंत आलो होतो, बाबा ज्या वर्षी गेले तिथपर्यंत.